यमुनेवर दोन फेऱ्या

यमुनेवर बोटीतून फिरणार म्हटल्यावर सांगलीत ज्याने त्याने मला एकच सल्ला दिला, नाकाला रुमाल बांधून जा. मी चांगले जाड रुमाल घेऊन गेले. दिल्लीला पोहोचल्यावर कळलं, की शहराच्या मधून जाते ती यमुना वेगळी आणि बोट चालते ती वेगळी. वजिराबादच्या बंधाऱ्यापर्यंत नदी बरी असते, शहराचे मोठे नाले तिला त्याच्या पुढे भेटतात. बोट बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला चालते. म्हणजे दिल्लीने हात लावायच्या आधीची जेवढी नदी उरली आहे, तेवढी पाहुण्यांना दाखवायची. आपणही पाहुणे आले की पुढचीच खोली झाडतो, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आम्ही दोघं होतो, मी आणि माझा थोरला भाऊ. दादा निवृत्त मुख्याध्यापक, मी बँकेतून निवृत्त. दादाची मुलगी केतकी बरीच वर्षं दिल्लीत स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. वहिनीला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, म्हणून तिच्या जागी मी. उतरलो होतो कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहात. दादाचा एक विद्यार्थी तिथे नोकरीला आहे, त्याच्यामुळे सोय झाली. नाश्त्याला पोहे मिळाले, पण त्यात मटार आणि वर शेव. दादाने शेव चमच्याने बाजूला काढली आणि पोहे संपल्यावर वेगळी खाल्ली.

पहिल्याच संध्याकाळी केतकी मला बाहेरच्या हिरवळीवर घेऊन गेली. इकडे तिकडे बघत म्हणाली, "आत्या, मी परीक्षा सोडलीय. शेवटचा अटेम्प्टही गेला. फरीदाबादला एका कंपनीत लागलेय, खरेदी विभागात. रूमपण तिकडेच घेतलीय."

"आईला माहीत आहे?"

"आईला सांगितलंय. बाबांना नाही."

"अगं, मग ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? सांगून मोकळी हो की."

"यार आत्या, तुला माहितीये ना बाबा कसे आहेत. ऐकतात कुठे?"

हे मात्र खरं. दादा रागावत नाही, ओरडत नाही. नको असलेला विषय निघाला की तो चपला घालतो आणि बाहेर पडतो. मी लग्न करणार नाही म्हणून जाहीर केलं तेव्हा तो असाच घाटावर जाऊन बसला होता. वहिनीने शेताच्या वाटणीचं काढलं तेव्हा आमटीतला हात धुऊन निघून गेला. परत येतो तेव्हा मूड अगदी छान असतो, "चहा टाका" म्हणतो आणि तो विषय घरातून संपलेला असतो. फोनवर तर चपलांचीही गरज नाही, "आईला देतो" म्हटलं की झालं. काढता पाय घेणं हा वाक्प्रचार मी लहानपणी दादाकडे बघूनच शिकले.

"म्हणून मी बोट बुक केलीय," केतकी म्हणाली. "बोटीतून उठून कुठे जाणार?"

मला हसूच आलं. "एवढं डोकं असून तू परीक्षेत कशी राहिलीस गं?" म्हटलं. तीही हसली, पण तिचे डोळे भरले होते. मी तिचा हात धरला आणि वचन दिलं, की मी मूग गिळून बसेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सीने निघालो. फेब्रुवारीतलं ऊन कोवळं होतं, आणि त्या उन्हावरही धुळीचा एक थर होता. गाडीत दादाचं एकच चाललं होतं. "आधी तुझी खोली बघू. अभ्यासिका बघू. नदी काय पळून जाते?" केतकी म्हणाली, बोटीची वेळ ठरलेली असते. दादाने ते मान्य केलं, वेळापत्रकाला तो कधी उलट बोलत नाही. वजिराबादजवळ तिरक्या खांबाचा आणि तारांनी तोललेला उंच पूल दिसला. दादाने त्याकडे बघून आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाची आठवण काढली. दोन्हींत साम्य एवढंच, की खाली पाणी आहे.

धक्क्याबाहेर एक गाडीवाला राम लड्डू विकत होता (मूगडाळीची भजी, वर किसलेला मुळा आणि हिरवी चटणी). लाडू म्हणून दादाने तोंडात टाकले आणि चटणीने त्याला ठसका लागला. मला ती भजी फार आवडली. मग सगळ्यांना नारिंगी जाकिटं वाटली. दादाने स्वेटरवर जाकीट घातलं आणि पट्टे इतके आवळले, की त्याला मान वळवता येईना.

बोट बॅटरीवर चालणारी, दोन्ही बाजूंना मोठ्या काचा, मागे छोटंसं उघडं सज्ज्यासारखं. आमच्यासमोर एक जाडजूड, प्रसन्न पंजाबी बाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आप लोग साउथ के हो?"

"नहीं, महाराष्ट्र के."

"एक ही बात है जी," त्या म्हणाल्या आणि मला चिक्की दिली.

बोट सुटली. वास खरंच नव्हता, रुमाल पिशवीतच राहिले. पाणी मातकट हिरवं, संथ. आमच्या कृष्णेला उन्हाळ्यातही थोडी ओढ असते, इथे पुढे बंधारा असल्यामुळे नदी नुसती उभी. काठावर खादर (पुराच्या पाण्याखाली जाणारी सपाट जमीन), तिच्यात भाजीचे वाफे, मध्ये मध्ये गवताच्या झोपड्या. एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पालकाच्या जुड्या धूत होता. त्याच्यामागे खूप लांब, धुरकट, दहा-बारा मजल्यांच्या इमारती. कर्ण्यावरून हिंदीत माहिती चालू होती, कोणता पक्षी कुठून येतो वगैरे. पांढरे कुरव पक्षी बोटीच्या बरोबरीने उडत होते आणि खायला घालू नका असं कर्णा सांगत असताना सगळेजण त्यांना शेव घालत होते.

दादा खुशीत होता. नको तेवढा. समोरच्या बाईंना म्हणाला, "ये मेरी बेटी. कलेक्टर बनने वाली है."

"हाय, सच्ची?" बाईंनी लगेच केतकीच्या गालावरून हात फिरवला. मग नातवाला पुढे केलं. "बेटा, इसके सिर पर हाथ रख दे. थोड़ा दिमाग इसको भी आ जाए."

केतकीने त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा चेहरा मला बघवेना. आत्ता तरी बोल बाई, असं मी मनात म्हणत होते, आणि तेवढ्यात बोटीखाली घर्र झालं. जलपर्णीच्या जाळ्यात पंखा अडकला होता. चालवणाऱ्याने मोटर बंद केली, कर्णाही थांबला. एकदम शांत झालं.

त्या शांततेत केतकी म्हणाली, "बाबा, मी कलेक्टर होणार नाहीये. मी परीक्षा सोडली."

दादा उठला. पट्टे आवळलेल्या जाकिटासकट, ताठ, तो मागच्या दाराकडे चालू लागला. पंख्यातली जलपर्णी काढणारा कर्मचारी ओरडला, "अंकल जी, बैठ जाइए! बोट हिल रही है."

"मुझे उतरना है."

"कहाँ उतरोगे जी? पानी है."

सगळी बोट हसली. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं, एक म्हातारा माणूस नदीच्या मध्यावर उतरायचं म्हणतो, तर लोक हसणारच. मला मात्र दादाची फार दया आली. तो तिथेच उभा राहिला, कठड्याला धरून, पाण्याकडे बघत. मग शेवटच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसला. केतकी उठली, त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि बोलायला लागली.

मी जागची हलले नाही. तुटक तुटक ऐकू येत होतं. ती गणपतीला घरी येते तेव्हा मागच्या बोळातून येते, म्हणजे कुणी निकालाचं विचारायला नको. मुलाखतीपर्यंत कधी पोहोचलीच नाही. नोकरी तिला आवडते. दादाची मान एकदाही वळली नाही, जाकिटामुळे की आणखी कशामुळे, कोण जाणे. पंजाबी बाईंनी मला हळूच विचारलं, "झगड़ा हो गया?" मी म्हटलं, "अभी पता नहीं." त्यांनी मला आणखी एक चिक्की दिली.

जाळं सुटलं, बोट फिरून धक्क्याला लागली. दादा सगळ्यांत आधी उतरला, जाकीट काढून कर्मचाऱ्याच्या हातात दिलं आणि मागे न बघता फाटकाकडे निघून गेला.

"गेले," केतकी म्हणाली आणि कट्ट्यावर बसून रडायला लागली. "बोटीवरपण नाही ऐकलं, आत्या. आता येतील आणि म्हणतील, चहा टाका."

मला दादाचा असा राग आला, की काही विचारू नका. आयुष्यभर आम्ही बायकांनी त्याच्या परत येण्याची वाट बघायची, आणि आल्यावर काही झालंच नाही असं वागायचं! आज आला की एक घाव दोन तुकडे करायचे, असं मी ठरवलं. काय बोलायचं ते मनात जुळवत मी शिकंजी (मसाला घातलेलं लिंबू सरबत) आणली. केतकीने घोट घेतला आणि पेला हातात तसाच धरून ठेवला.

दादा आला. हातात तीन तिकिटं होती.

"पुढची बोट लागतेय," तो म्हणाला. "चला."

"बाबा, तीच फेरी आहे. तेच दाखवतात."

"असू दे. मघाशी मला निम्मं ऐकूच आलं नाही." मग खाली बघत म्हणाला, "जमिनीवर असलो की माझे पाय थांबत नाहीत गं."

मी जुळवलेलं सगळं भाषण शिकंजीबरोबर गिळलं.

दुसऱ्या फेरीला गर्दी कमी होती. ऊन उतरलं होतं आणि पाण्यावर तांबूस रंग आला होता. यावेळी दादाने केतकीला खिडकीशी बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसला. मग त्याने विचारलं, "कंपनीत काय बनतं?"

"ट्रॅक्टरचे सुटे भाग."

"आणि तू काय करतेस?"

"कच्चा माल कुठून घ्यायचा, कसा भाव पाडायचा, ते बघते. बाबा, बिल्कुल मंडईसारखं आहे. मला जमतं ते."

"जेवतेस कुठे?"

"घरीच करते. डबा नेते."

"वरचा साहेब कसा आहे?"

"बाई आहेत. कडक आहेत, पण चांगल्या आहेत."

तेच वाफे गेले, त्याच झोपड्या गेल्या. पालक धुणारा माणूस घरी गेला होता. दादा म्हणाला, "मी गावात लोकांना काय सांगू?"

"खरं सांगा."

"अवघड आहे."

"मलापण अवघडच होतं, बाबा."

धक्का आला. उतरताना त्याने आधी तिला हात दिला.

पुढचा दिवस फरीदाबादला गेला. केतकीची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, गच्चीवरून कारखान्यांची पत्र्याची छपरं आणि रेल्वेचे रूळ दिसतात. तिने आम्हाला आमटी-भात करून घातला. आमटीत मीठ कमी होतं, दादाने दोनदा मागून घेतली. कंपनीच्या फाटकापर्यंत आम्ही चालत गेलो, रखवालदाराने आत सोडलं नाही, म्हणून बाहेरूनच पाहिली.

सांगलीची गाडी निजामुद्दीनहून सुटते. आमच्या डब्यात मिरजेचे एक कापड व्यापारी निघाले, दादाच्या चांगल्या ओळखीचे. दिल्लीत काय काय पाहिलं विचारल्यावर मी यमुनेचं सांगितलं. त्यांनी नाकावर हात नेला. मी म्हटलं, वास येत नाही, आणि शक्य असेल तर दोन फेऱ्या करा. त्यांना ते पटलं नसावं. मग त्यांनी मोर्चा दादाकडे वळवला.

"काय गुरुजी, कन्येचं काय? यंदा निकाल नक्की ना? हारतुरे काढून ठेवतो."

दादाचे पाय सीटखाली चपला चाचपायला लागलेले मला दिसले. डब्याचं दार चार पावलांवर होतं, आणि गाडीच्या दारात उभं राहून वारा खायला कुणाची ना नसते. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर फरीदाबाद आलं होतं.

"निकाल लागला," दादा म्हणाला. "नाही झालं. परीक्षा सोडली तिनं. ह्याच गावात नोकरीला आहे. ते निळं छप्पर दिसतंय का? त्याच्या पलीकडं."

"अरेरे," व्यापारी म्हणाले. "मी जरा चहावाला बघून येतो" म्हणत ते उठले.

दादाने त्यांचा हात धरला.

"अरेरे कशाला? बसा हो. सांगतो."