मुका के

लालबागला आमच्या समोरच्या खोलीत गिरणीतले दहाबारा गडी राहायचे. त्यांतला एक जण पाळी सुटली की इंग्रजी शिकायचा. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, म्हणून मला ग्यालरीत गाठून शब्द विचारायचा आणि खडूने दारावर लिहून ठेवायचा. 'के' आणि 'एन' जोडून येणाऱ्या शब्दांशी त्याचं वैर होतं.

"क्नाइफ म्हंजे सुरी. क्नी म्हंजे ढोपर," तो ठणकावून वाचायचा.

"अहो, नाइफ. नी. तिथला के मुका असतो."

"लिवलेलो आसा मां, बाई? मगे बोलूचो नाय कित्याक?"

मला हसू यायचं, रागही यायचा. पण गिरणीचा भोंगा झाला की मी केस नीट करून कठड्याशी उभी राहायचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला निघाला त्या सकाळी तो आमच्या दाराशी आला. "एक शब्द द्या, बाई. तुरुंगात पाठ करतलंय."

मी चिठ्ठीवर लिहून दिला: के, एन, ओ, टी. खाली अर्थ लिहिला, गाठ.

त्याने चिठ्ठी बराच वेळ वाचली. मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "नॉट." के त्याने पहिल्यांदाच गिळला, आणि जिना उतरून गेला.

सुटल्यावर तो परस्पर गावी गेला, असं खोलीतले गडी सांगत. दारावरचे शब्द शेवटी मीच पुसले. अजूनही वर्गात तो शब्द आला की माझ्या तोंडून हटकून 'क्नॉट' जातं, आणि मुलं हसतात.