विनीच्या खिडकीतला कोळसा

यॉर्कशरमधल्या थॉर्नबेक गावात सप्टेंबर लागला की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे कमी आणि धुराड्यांकडे जास्त बघतात. सकाळी दार उघडायचं, दुधाची बाटली उचलायची आणि मान वर करून ओळीतल्या सहाही घरांची धुराडी न्याहाळायची. कुणाच्या छपरावर धूर दिसला की नऊच्या आत ती बातमी दुकानात पोचलेली असते. "पेटवला म्हणे! सप्टेंबरात!" हे वाक्य अशा सुरात म्हणतात, की त्या घरातलं कुणी तुरुंगात गेलंय असं वाटावं.

थंडी काय ती सगळ्यांनाच वाजते. पण वाजते असं म्हणायचं नाही, हा इथला धर्म आहे. सकाळी दरीत गळ्यापर्यंत धुकं, कुंपणांवर कोळ्यांची ओली जाळी, अकरानंतर असं ऊन की स्वेटर काढून हातात घ्यावा, आणि चार वाजले की पुन्हा हाडात शिरणारा गारठा. अशा दिवसांत दोन माणसं रस्त्यात भेटली की एक म्हणतो, "जरा गार आहे." दुसरा म्हणतो, "या दिवसांच्या मानाने बरंच म्हणायचं." दोघांचीही नाकं लाल झालेली असतात.

अशा गावात विनी रेस्ट्रिकने अठ्ठावीस वर्षांत एकदाही शेजाऱ्याच्या आधी जाळ पेटवला नव्हता.

विनीचा जन्म वर माळरानावरच्या शेतघरातला. सात भावंडांत पाचवी. विस्तव हा आजाऱ्यांसाठी आणि नुकत्याच जन्मलेल्या कोकरांसाठी असतो, बाकीच्यांनी काम करावं म्हणजे ऊब येते, असं तिच्या बापाचं म्हणणं. लग्नानंतर ती खाली गावात आली आणि एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. त्रेसष्टच्या हिवाळ्यात बर्फाने रस्ता बुजला, तेव्हा पाठीवर बटाट्यांचं पोतं घेऊन ती दगडी कुंपणांच्या माथ्यावरून चालत शाळेत गेली होती. त्या दिवशी अकराच मुलं आली होती. त्या अकरांना तिने गरम सूप वाढलं आणि कोबी ताटात टाकला म्हणून अकराही जणांना झापलं. आज ती मुलं चाळिशीला टेकलीत, पण विनी समोरून आली की अजून सरळ उभी राहतात.

ही पैज सुरू केली तिच्या नवऱ्याने, हॅरल्डने. शेजारच्या घरातला सिरिल ऑल्डरसन आणि हॅरल्ड एकाच दगडाच्या खाणीत कामाला. नाजूक कोण, यावरून एका सप्टेंबरात दोघांची जुंपली. हॅरल्डने पावाएवढं मोठं कोळशाचं ढेकूळ आणलं, त्याला लाल फीत बांधली आणि नियम ठरवला: ज्याच्या धुराड्यातून आधी धूर निघेल, त्याने हा कोळसा रस्त्यावरच्या खिडकीत ईस्टरपर्यंत मांडून ठेवायचा. स्वेटर हवे तितके घाला, गरम पाण्याची पिशवी चालेल. विजेचा हीटर चालणार नाही. ही शेवटची अट नंतर घातली, कारण सिरिलची बायको डॉट हीटर पलंगाखाली लपवून बसलेली सापडली होती.

अठ्ठावीस हिवाळे तो कोळसा सिरिलच्याच खिडकीत राहिला. डॉट गेली, हॅरल्ड गेला, पैज राहिली. दर ऑक्टोबरात सिरिल हात टेकायचा आणि विनी आपल्या हाताने कोळशाची धूळ पुसून तो त्याच्या खिडकीत नेऊन ठेवायची. "सरळ ठेव ना, लोकांना फीत दिसू दे," असंही वर म्हणायची. बाई जिंकताना फार काही गोड वागत नसे, हे मान्य केलंच पाहिजे.

त्या वर्षी, म्हणजे ब्याण्णव साली, सिरिलला ऑगस्टमध्ये न्यूमोनिया झाला. तीन आठवडे इस्पितळात काढून तो घरी आला तेव्हा त्याचा कोट त्याला दोन मापं मोठा झाला होता. आणि सप्टेंबर असा उलटला की विसाव्या तारखेलाच माळावरचे नेचे तांबडे पडले, तारांवरच्या पाकोळ्या एका दिवसात निघून गेल्या आणि सकाळी गवत पांढरं दिसायला लागलं.

दोन्ही घरांमध्ये एकच भिंत. सिरिल खोकला की विनीच्या फळीवरचे कप थरथरायचे. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. कोरडा, खालून खरवडत येणारा, आणि संपल्यावर माणूस बराच वेळ गप्प.

दर मंगळवारी येणारी नर्स मॉरीन सिरिलला दारातच बोलत होती. विनी शेजारी पायरी घासत होती, म्हणजे ऐकत होती.

"ऑल्डरसनकाका, घर आहे की बर्फाचं कोठार? डॉक्टरांनी काय सांगितलंय? ऊब. दुसरं औषध नाही."

"आहे ना ऊब. तीन स्वेटर घातलेत."

"तिन्ही काढून एक जाळ पेटवा. पुन्हा छाती भरली तर या खेपेला परत आणायची मी हमी देत नाही."

"हिने पेटवला की पेटवतो," सिरिल म्हणाला आणि हनुवटीने विनीकडे खूण केली.

मॉरीनने विनीकडे असं पाहिलं की विनीच्या हातातला ब्रश थांबला. नर्स गेल्यावर ती उठली, गुडघे झटकले.

"सिरिल, पेटव जा. या वर्षी धरायचं नाही. आजारी माणसाला सूट."

"सूट? कुणी मागितली सूट?"

"मग पैजच मोडू. म्हातारे झालो आपण. लोक हसतात."

"घाबरलीस!" सिरिलचे डोळे चमकले. "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा घाबरलीस विने. मी बिछान्यावरून उठून आलोय तो उगाच नाही. मरायच्या आधी एकदा तो कोळसा तुझ्या खिडकीत बघायचाय मला."

"आणि मी मुद्दाम पेटवला तर?"

"तर मला कळेल. दया म्हणून पेटवलास, तर मी ख्रिसमसपर्यंत काडी ओढणार नाही. डॉटची शपथ."

एवढं बोलला आणि खोकत आत गेला. विनी तिथेच उभी राहिली. गाढव मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने, असली गत व्हायची वेळ आली होती, आणि दोन्ही गाढवं सत्तरी ओलांडलेली.

घरात जाऊन तिने चहा केला आणि थंड शेगडीसमोर बसली. तिने कुणाला कधी न सांगितलेली एक गोष्ट होती. सहा वर्षांपूर्वी, हॅरल्डच्या शेवटच्या शरदात, तोही याच खुर्चीत असाच खोकत होता. "पेटवू का?" तिने एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "सिरिलला आधी पेटवू दे." तिने पुन्हा विचारलं नाही. हट्ट त्याचा होता, पण काड्यांची पेटी तिच्या हाताशी होती. सिरिलने नऊ ऑक्टोबरला पेटवला, विनी जिंकली, आणि डिसेंबरात हॅरल्ड गेला. डॉक्टर म्हणाले, दगडाच्या धुळीने गेला, ऊब असती तरी गेलाच असता. डॉक्टरांना काय, म्हणायला काय जातं. विनीला तो विजय आजही घशात अडकलेल्या काट्यासारखा टोचायचा.

"या वेळी नाही," ती मोठ्याने म्हणाली. आता हरायचं होतं, आणि ते खरं वाटेल असं हरायचं होतं. जिंकण्यापेक्षा हे अवघड निघालं.

तिच्या धुराड्यात राखाडी मानेच्या कावळ्यांचं घरटं होतं. वसंतात ती पाखरं काटक्या आणून आणून आत टाकतात आणि तळापासून वरपर्यंत धुराडं बुजवतात. म्हणून इथे कुणीही धुराडं साफ करून घेतल्याशिवाय पहिला जाळ करत नाही. विनीचा साफ करणारा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात यायचा, कारण तिला त्याआधी कधी गरजच पडली नव्हती. आता जो माणूस ठरवून पेटवेल, तो आधी घरटं काढून घेईल. घरटं तसंच ठेवून पेटवतो तो खरोखर गारठलेला, गुपचूप पेटवणारा चोर. सिरिल दुसरं काही समजणं शक्यच नव्हतं.

सव्वीस तारखेला सकाळी दरीत धुकं इतकं दाट होतं की समोरचं प्रार्थनाघर दिसेना. विनीने मागची दोन्ही दारं उघडी टाकली, पाण्याची बादली शेगडीजवळ ठेवली, गालिचा गुंडाळून बाजूला केला. मग शेगडीत जुनी वर्तमानपत्रं आणि मूठभर ओलं गवत घातलं, "हॅरल्ड, हसू नकोस," असं म्हणाली आणि काडी ओढली.

धूर वर गेला, घरट्याला धडकला आणि तसाच खाली उतरला. दोन मिनिटांत खोली पिवळी झाली. विनीच्या डोळ्यांतून पाणी आलं, छताच्या कोपऱ्यातून काजळी पडायला लागली, तिचे पांढरे पडदे बघता बघता राखाडी झाले. तिने बादली ओतली आणि ठरवल्याप्रमाणे पुढचं दार उघडून रस्त्यावर आली. खोकला मात्र ठरवावा लागला नाही.

सिरिल पायजम्यावर कोट चढवून, हातात बादली घेऊन धावतच आला. "आग! विने, आग लागली!"

"ओरडू नकोस. आग नाही." तिने काळं झालेलं तोंड पदर नसल्यामुळे एप्रनने पुसलं. "जाळ केला होता."

सिरिलने बादली खाली ठेवली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग दारातून लोंढ्याने बाहेर पडणाऱ्या धुराकडे.

"जाळ? तू? घरटं न काढता?"

"थंडी वाजत होती. झालं समाधान?"

सिरिल हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता कुंपणाला धरून उभा राहिला. "चोरून! पहाटे धुक्यात चोरून! अगं, मला वाटलं तू दगडाची आहेस."

"हरले मी. कोळसा आण."

पण खाणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस, आणि त्यात यॉर्कशरचा, म्हणजे नियमाच्या शब्दाला चिकटून बसणारा. त्याने मान वर केली आणि तिच्या छपराकडे बराच वेळ पाहिलं. "थांब, थांब. नियम काय आहे? धुराड्यातून धूर. तुझ्या धुराड्यातून काडीएवढा धूर नाही. नियमाने तू हरलीच नाहीस."

"दारातून निघतोय तो काय चहाची वाफ आहे?"

"दाराचं नियमात नाही."

विनीला रडू आलं. खरंच आलं. पडदे गेले, भिंती गेल्या, आणि हा मेला नियम सांगतोय. पण रडत बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. ती सरळ त्याच्या घरात शिरली, डॉटच्या खुर्चीत काजळीसकट बसली आणि म्हणाली, "माझं घर धुराने भरलंय. दारं-खिडक्या दुपारपर्यंत उघड्या राहतील. मी इथे बसणार. मला हुडहुडी भरलीय. पेटव."

"मी नाही पेटवणार."

"तुझं धुराडं साफ केलंय?"

"ऑगस्टातच. मी दरवर्षी आधी करून घेतो, मला माझी लायकी माहीत आहे."

"मग मी पेटवते." ती गुडघ्यांवर बसली. काटक्या रचल्या, कोळसे लावले. शाळेच्या भट्टीपुढे एकतीस वर्षं घालवलेली बाई ती, एका काडीत जाळ धरला. "धुराडं तुझं, हात माझा. काडी ओढली मी. आता सांग नियम."

सिरिल बाजूला सरला. जाळ वर चढला, खोलीतला गारठा हळूहळू मागे सरला. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही तळवे शेगडीपुढे धरले. त्याची बोटं निळसर होती. थोड्या वेळाने तो उठला, फडताळातून लाल फितीचा कोळसा काढला आणि मांडीवर घेऊन बसला.

"मे महिन्यात," तो जाळाकडे बघत म्हणाला, "तूच मला अंगणात बोलावून दाखवलं होतंस. एक पाखरू तुझ्या धुराड्यात काटक्या टाकत होतं. तू म्हणालीस, ऑक्टोबरापर्यंत राहू दे बिचाऱ्यांना."

विनीने एक काटकी उगाचच जाळात सारली.

"तू काही विसरत नाहीस विने. कुठल्या मुलाने कोबी टाकला, तेसुद्धा अजून सांगतेस." त्याने कोळसा पुढे केला. "हा आता जाळात टाकू. झाली पैज."

"टाकशील तर हात तोडीन." तिने तो त्याच्या हातातून ओढून घेतला. मग तिचा आवाज उतरला. "हॅरल्डच्या वेळी मला हरता आलं नाही, सिरिल. काडी हाताशी होती. एवढं तरी नीट हरू दे."

सिरिलने तिच्याकडे पाहिलं नाही. फावडं उचललं आणि जाळावर आणखी कोळसा घातला, चांगला भरपूर.

दुपारी धुकं उठलं आणि ऊन पडलं, तेव्हा विनीने आपली खिडकी धुतली, काजळलेले पडदे काढले आणि मधोमध तो कोळसा ठेवला. सिरिल रस्त्याच्या पलीकडे, प्रार्थनाघराच्या भिंतीशी, गळपट्टा गुंडाळून उभा होता. दुकानातून परतणाऱ्या दोन बायका थबकल्या. "रेस्ट्रिकबाई? सप्टेंबरात?"

"हो, सप्टेंबरात," विनी दारातून म्हणाली. "थंडी वाजली मला. कुणाला काही म्हणायचंय?"

बायका पिशव्या सावरत पुढे निघाल्या. सिरिलने पलीकडून हात केला. "जरा सरळ ठेव ना! फीत दिसत नाहीये!"

तिने आत जाऊन कोळसा फिरवला. मग ती पायरीवर आली; सिरिलच्या छपरावर धूर सरळ वर चढत होता, आणि तो आभाळात विरेपर्यंत ती बघत उभी राहिली.