सहा तारखेचा खाडा

बातमी आठ ओळींची होती. संगणकात एक विषाणू शिरतो, मुकाट बसून राहतो आणि सहा मार्चला सगळी माहिती पुसून टाकतो. फ्लॉपीतून पसरतो. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी तारेवरून मी ती मराठीत केली आणि ठाण्याच्या आमच्या दैनिकात ती आतल्या पानावर लागली. शेवटचा परिच्छेद जागेअभावी कापला. भीती वगैरे मला वाटली नाही.

ताईला वाटली. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ती हंगामी कामगारांची हजेरी संगणकावर भरायची. स्वतःही हंगामीच होती. दोनशे चाळीस दिवस भरले की कायम होण्याचा हक्क सांगता येतो, म्हणून तिथे प्रत्येक जण दिवस मोजत असे.

वर्तकनगरच्या घरात ती पेपर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"अरे, तू दिलेली ती फ्लॉपी?"

"कुठली?"

"मराठी टायपिंगची. फुकटातली. मी ऑफिसात घातलेली."

ती मला एका मित्राने दिली होती, त्याला आणखी कुणी. बनवणाऱ्याने सोबत लिहिलं होतं : वापरा, पुढे वाटा. किती यंत्रांतून ती आली होती, कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरची फ्लॉपी घालायची नाही, असा कारखान्याचा नियम होता.

"साहेबांना सांग," मी म्हणालो.

"सांगते. मग उद्यापासून घरीच बसते. तू आठ ओळी लिहून मोकळा."

कापलेल्या परिच्छेदातलं एक वाक्य मला आठवत होतं : त्या दिवशी यंत्राची तारीख बदललेली असेल तर विषाणू जागा होत नाही. मी ते तिला सांगितलं. पाच तारखेला निघताना तिने यंत्राची तारीख अशी लावली की सकाळी ते सात दाखवेल.

सहाला काही पुसलं गेलं नाही. तिने हजेरी भरली आणि घरी येताना पेढे आणले.

सातला तिने तारीख परत जागेवर आणली. यंत्राने नवी हजेरी घेतली नाही; सातची आधीच भरलेली होती. सहाची हजेरी सातच्या रकान्यात गेली होती आणि सहाचा रकाना कोरा होता. कोरा म्हणजे खाडा. एकोणीस जणांचा, आणि विसावी ती. मागची तारीख उघडायचा परवलीचा शब्द फक्त साहेबांकडे होता.

त्या संध्याकाळी तिच्या ताटातला भात तसाच राहिला.

"चेंदणीच्या कोळीवाड्यातला एक पॅकर आहे. महिनाअखेरीला त्याचे बरोबर दोनशे चाळीस भरतात, त्याच दिवशी कंत्राट संपतं. मला सुके बोंबील आणून देतो रे. त्याचा खाडा मी लावला."

"यंत्र बिघडलं म्हण. वीज गेलेली म्हण."

"वीज गेल्यावर तारीख पुढे पळते का, पत्रकार?"

मग तिने हाताने अर्ज लिहिला. अर्ध्या पानाचा. शुद्धलेखन बघ म्हणून माझ्याकडे दिला. तारीख का बदलली ते त्यात होतं. बाहेरची फ्लॉपी घातल्याचं होतं. ती कुणी दिली, ते नव्हतं. मी एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद परत दिला.

साहेबांनी रकाना उघडला. विसाही जणांची हजेरी लागली, तिचीही. मग तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

ताईने परत दिलेली फ्लॉपी माझ्या टेबलाच्या खणात होती. विषाणू तपासणारा प्रोग्राम काही महिन्यांनी आमच्या कार्यालयात आला. सगळ्यांनी आपापल्या फ्लॉप्या तपासून घेतल्या. मी ती खणातून काढली नाही.

ताईने पुढे एकदाच विचारलं, "होता का रे त्यात?"

मी होता म्हणालो.