केशरी साडीची पट्टी

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, कुवेतच्या मंगफ भागातल्या आमच्या इमारतीत, तळमजल्याच्या बोळात सेफ्टीकाका एका सुताराच्या छातीवर बसले.

वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय चहाचा घोटही न घेणारा मराठी माणूस अख्ख्या कुवेतमध्ये एकच होता, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनियर; पण कारखाना सुटला तरी त्यांची ड्यूटी सुटत नसे. वारा कळावा म्हणून गच्चीच्या कठड्याला त्यांनी काकूंच्या जुन्या केशरी साडीची पट्टी बांधली होती. गॅसचा वास आला तर वाऱ्याला आडवं पळा, असं ते भेटेल त्याला बजावत. रुमैथियात एकाकडे सत्यनारायणाला गेले, तर आधी मागचा दरवाजा तपासून आले. कुलूप होतं. किल्ली सापडेपर्यंत आरती थांबली. लग्नात अंतरपाट पेट घेईल का, हे त्यांनी भटजींना विचारलं होतं, असं काकू सांगत, आणि काका ते नाकारत नसत. दाराशी, चपलांच्या वर, खुंटीला गॅस मास्क टांगलेला असे. आखाती युद्ध संपलं की हो, असं म्हणून लोक हसत. "ते रसायनांना कळवलंय का कुणी?" काका विचारत.

त्या संध्याकाळी तळमजल्यावर कुडाळकडचे दोन सुतार भाऊ गणपतीसाठी खोली घासत होते. थोरल्याने बाथरूमच्या फरशीवर ॲसिड ओतलं. डाग हटेनात. बाप्पा यायचा, म्हणून त्याने वरून ब्लीचही ओतलं. दोन्ही मिसळलं की क्लोरीन सुटतो. थोरला आतच कोसळला.

आरडाओरडा ऐकून मी पोहोचलो. वास लागताच काका मास्क घेऊन जिना उतरले होते. तोंडाला ओला पंचा गुंडाळून आत धावणाऱ्या धाकट्याला त्यांनी पायात पाय घालून पाडलं होतं आणि ते वर बसले होते.

"सोडा माका. माजो भाव आत आसा."

"माहीत आहे. तू गेलास तर दोघांना काढावं लागेल."

धाकट्याला माझ्या ताब्यात देऊन त्यांनी मास्क चढवायला घेतला. पट्टे दोनदा ओढून बघितले.

"ॲम्ब्युलन्स बोलवा. आणि मी बाहेर आलो नाही, तरी कुणी आत यायचं नाही."

ते आत गेले. धाकटा माझ्या दंडाला कडकडून चावला. मग काकांची पाठ दिसली. थोरल्याला काखांत धरून, ओढत, ते उलटे चालत येत होते. त्याला उघड्यावर नेलं, पण खाली ठेवण्याआधी मान वर करून त्यांनी पट्टी बघितली आणि जागा बदलली. तिथे थोरला खोकला.

विसर्जनाला तो इस्पितळातून आला. आरतीचं ताट काकांना दिलं, तेव्हा त्यांनी आधी पडदे बाजूला करायला लावले.

पुढे काका निवृत्त होऊन पुण्याला गेले. जाताना काकूंनी ती साडी धाकट्याला दिली. उन्हाने पट्टी दर उन्हाळ्यात विरते. तो गच्चीवर जाऊन नवी बांधतो. साडी अजून अर्धी शिल्लक आहे.