लाल शाईतलं 'आम्ही'

आज नातीच्या हातून लाल शाई सांडली आणि त्या वासानं मला फलटणजवळच्या शाळेत मी शिकवत असलेला सातवीचा वर्ग आठवला. आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी मुलांना संविधानाचा सरनामा आपापल्या शब्दांत लिहायला सांगितला होता. बौद्ध वस्तीतल्या शेवंतानं लिहिलं, "आमी भारताचे लोक. पर शाळंत आमाला पानी ओंजळीत वरनंच घालत्यात."

मी 'आमी' खोडून ठसठशीत 'आम्ही' केलं. वही घेताना तिनं विचारलं, "गुर्जी, तुमच्या ह्या 'आम्ही'त आमी बी येतो का?"

"आधी शुद्ध लिहायला शीक," मी म्हणालो. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

मी त्याच शाळेतून निवृत्त झालो, तेव्हा सगळी मुलं 'आम्ही' शुद्ध लिहायची. पाणी मात्र वरूनच घातलं जायचं.