हद्दीबाहेरचा अर्ज

सुदामभाऊ डब्यातली शेवटची चार शितं नेहमी बाजूला ठेवायचे. तहसीलीतून बाबू म्हणून निवृत्त झाल्यावर ते वडशात माझ्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून लोकांच्या ग्राहक-तक्रारी फुकट लिहून देत. कायद्यात काही बदल झाला की तो कागदाच्या पट्टीवर लिहीत, शितं बोटाने चुरडत आणि ती पट्टी आपल्या जुन्या पुस्तकात त्या कलमावर चिकटवत. पुस्तक फुगून दुप्पट झालं होतं. "कायदा जित्ता हाय बापू, म्हणून वाढते," मला म्हणायचे.

मी हमाली करून दुकान उभं केलेला माणूस. भाव पाडल्याशिवाय सुईही घेत नाही आणि डोकं लगेच तापतं. गिऱ्हाइकावर ओरडलो की ओट्यावरून आवाज यायचा, "दिलीप, आवाज वाढवून हद्द वाढत नाई."

भाऊंना मूलबाळ नव्हतं. बायको कौसल्याबाई, त्यांना फुप्फुसाचा आजार. घरी ऑक्सिजन देणारी मशीन हैदराबादच्या एका विक्रेत्याकडून मागवली. ती तिसऱ्याच आठवड्यात भर दुपारी बंद पडली. गडचिरोलीला न्यायला गाडी मिळेपर्यंत बाई गेल्या.

भाऊंनी जिल्ह्याच्या ग्राहक मंचात तक्रार केली. बिलावर 'न्यायक्षेत्र हैदराबाद' असं छापलेलं. आमच्या हद्दीत येत नाही, म्हणून अर्ज परत आला.

"मेली इथी, अन् हद्द तिथी?" एवढंच ते बोलले.

मला राहवलं नाही. त्या विक्रेत्याला मी आठ दिवस फोनवर झोडपलं आणि पुन्हा तक्रार न करायच्या बोलीवर बदली मशीन कबूल करून घेतली. धावतच ओट्यावर आलो. "भाऊ, वाकवला त्याले! नवी कोरी मशीन देऊन राह्यला!"

भाऊ पट्टी दाबत होते. मान वर न करता म्हणाले, "कोणासाठी रे बापू?"

त्या सौद्याची लाज अजून जात नाही.

पुढे कायदा बदलला. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येऊ लागली. ती पट्टी भाऊंनी दोनदा दाबून चिकटवली. त्यांनी पुन्हा अर्ज केला. मागणी एकच: मशीन खराब होती, हे विक्रेत्याने लेखी द्यावं.

"बस, एवढंच? काऊन भाऊ?" मी चिडलो.

"कौसल्या जाता जाता म्हणे, माह्याच हातानं बटन चुकलं. तिच्या फोटोपुढं तो कागद ठेवाचा हाय मले. तुही चूक नव्हती म्हणून."

तारखांवर तारखा पडल्या. शेवटच्या सुनावणीला नऊ दिवस उरले असताना भाऊ झोपेतच गेले.

त्या तारखेला फाईल घेऊन मी गडचिरोलीला मंचात गेलो. टेबलामागच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण? वारस असाल तरच प्रकरण पुढे चालेल."

जन्मभर मी कुठल्याही टेबलापुढे गप्प बसलो नाही. त्या दिवशी फाईल काखेत मारून परत फिरलो. प्रकरण बंद झालं. मशीन खराब होती की नाही, हे कोणी लिहून दिलं नाही.

पुस्तक आता माझ्या दुकानात असतं. दुपारी डब्यातली चार शितं मीही बाजूला ठेवतो. त्या 'वारस' शब्दावर चिकटवायला काही सापडत नाही. संध्याकाळपर्यंत ती वाळून जातात.