ती साधी मुरगळ नव्हती

मंडळी, दुपारी दवाखान्यातून आले आणि लगेच लिहायला बसले.

काल पायरीवरून घसरले, म्हणून आज दादानं भंडाऱ्याला एक्स-रे काढायला नेलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "कालचं काही नाही. पण पावलाचं हे हाड पूर्वी कधी मोडलं होतं?"

"मोडलं नाही. कॉलेजात असताना एकदा पाय मुरगळला होता फक्त."

"ती मुरगळ नव्हती," त्या म्हणाल्या.

मला ती शर्यत आठवली.

चौऱ्याऐंशी साल. करडी ते भंडारा, एकवीस किलोमीटर धावण्याची शर्यत. चार दिवस आधी धानाच्या बांधीत पाय मुरगळला होता. दादानंच माझी तयारी करून घेतली होती आणि तो सायकलवर सोबत होता. अर्ध्या वाटेत मी रडकुंडीला आले. "दादा, पाय टेकत नाही रे."

तो ओरडला, "साधी मुरगळ आहे! नाटकं कायले करून राहिली?"

मी लंगडत सर्वांत शेवटी पोचले. मग धावणं सुटलं ते सुटलंच.

आज दवाखान्याबाहेर सत्तरीचा दादा बाकावर बसला. "शोभा, मोडक्या पायानं पळवलं तुले मी. तू ठासून बोलली काहून नाही?"

कशी बोलणार? तेव्हा मलाही ते माझं नाटकच वाटलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला कच्च्या दमाची समजत आले.

तुमचंही एखादं खरं दुखणं तुम्हीच खोटं ठरवलंय का?